पहिले सत्र: जर्मनीतील मराठी विद्यार्थ्यांचा पूर्वेतिहास

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली, आणि त्यानंतरच्या दोन पिढ्यांत परदेशगमन म्हणजे विलायतेस जाणे व विलायतेस जाणे म्हणजे बॅरिस्टरीची सनद घेणे किंवा सनदी नोकरीच्या परीक्षेस बसणे, असा समज आपल्या सुशिक्षित वर्गात इतका दृढ झाला की, जिची भाषा येथील एकाही कचेरीत चालत नाही अशा जर्मनीकडे कोणी मराठी तरुण स्वखुशीने, प्रसंगी कर्ज काढून, का गेला असावा, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला पडल्यावाचून राहत नाही. त्याचे उत्तर बर्लिनमध्ये शोधण्यापूर्वी पुण्यात शोधले पाहिजे.

या मार्गावरचे पहिले प्रवासी उलट दिशेने आले होते. १८५९ साली मार्टिन हौग पुण्याच्या सरकारी महाविद्यालयात संस्कृत अध्यापनाच्या कामावर रुजू झाले. १८६३ साली गेओर्ग ब्यूलर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात आले. आणि १८६६ पासून १८८१ पर्यंत फ्रान्झ कीलहॉर्न यांचा मुक्काम डेक्कन कॉलेजात होता. येथील शास्त्र्यांजवळ बसून पाणिनीय परंपरेतील खाचाखोचा समजावून घेणाऱ्या कीलहॉर्न यांनी पतंजलीच्या महाभाष्याची जी आवृत्ती सिद्ध केली, ती मुंबईतच छापली गेली. पुढे ते ग्यॉटिंगेनला प्राध्यापक झाले, आणि त्याच विद्यापीठाने १८८५ साली रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. १८९३ साली पुण्यात टिळकांनी आणि बॉन येथे हेर्मान याकोबी यांनी, एकमेकांच्या कामाची वार्ता नसताना, ज्योतिषाच्या आधारे वेदांच्या प्राचीनत्वाविषयी सारखेच अनुमान मांडले. सारांश, पुण्याच्या पेठांतील संस्कृतज्ञ घरांना बॉन आणि ग्यॉटिंगेन ही नावे परकी राहिली नव्हती. आपल्या विद्येची चिकित्सा जेथे चालते, तेथे जाऊन ती कशी चालते हे पाहावे, अशी इच्छा त्या घरांतील तरुणांस झाली, तर ती स्वाभाविकच होती.

केंब्रिजला गणित शिकलेले विष्णु सीताराम सुकथनकर पहिल्या महायुद्धापूर्वीच्या वर्षांत बर्लिनला हाइनरिश ल्यूडर्स यांच्याजवळ शाकटायनाच्या व्याकरणावर प्रबंध लिहीत होते, आणि पांडुरंग दामोदर गुणे त्याच सुमारास लाइपझिगला तुलनात्मक भाषाशास्त्र शिकत होते. युद्धानंतर या ओढीला हुंडणावळीचे कारण येऊन मिळाले. मार्काची किंमत दिवसेंदिवस ढासळत गेली, ती इतकी की १९२३ च्या नोव्हेंबरात एका डॉलरला सुमारे ४ लाख २० हजार कोटी मार्क पडत. आणि ज्याच्या खिशात पौंड होते, त्या विद्यार्थ्यास लंडनमध्ये जेमतेम पुरणाऱ्या रकमेत जर्मनीत सुखाने राहता येत असे. नवे चलन आल्यावर ही स्वस्ताई संपली; जाण्याची वहिवाट मात्र राहिली. डॉ. आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात प्राथमिक जर्मनचा एक अभ्यासक्रम घेतला होता. लंडनमधील अध्ययन चालू असतानाच १९२१ च्या उन्हाळी सत्रासाठी त्यांनी बॉन विद्यापीठात आपले नाव दाखल केले, आणि अर्जासोबत जर्मन भाषेत लिहिलेले आत्मवृत्त जोडले. त्या विद्यापीठातील अध्ययन पूर्णत्वास गेले नाही. परंतु अर्थशास्त्राच्या अभ्यासकालाही जर्मनची गरज भासत होती, एवढे यावरून निश्चित होते.

हिवाळी सत्र ऑक्टोबरच्या मध्यास सुरू होई. म्हणून पावसाळा संपण्याच्या सुमारास मुंबईहून आगबोटीने निघून इटलीच्या किंवा फ्रान्सच्या एखाद्या बंदरात उतरलेला आणि तेथून आगगाडीने आल्प्स ओलांडून आलेला विद्यार्थी, थंडी वाढत असतानाच मुक्कामास पोहोचत असे. खोली भाड्याने घेतल्याबरोबर घरमालकिणीच्या सहीनिशी पोलीस कचेरीत वर्दी देणे हा तेथील शिरस्ता होता, आणि खोली बदलली तर जुन्या पत्त्याची नोंद काढून नव्या पत्त्याची करावी लागे. गुप्त पोलिसांच्या पाळतीची सवय असलेल्या हिंदी तरुणास ही वर्दी प्रथम अपमानास्पद वाटावी, आणि मग प्रत्येक जर्मन नागरिकालाही ती द्यावीच लागते हे कळल्यावर त्याने निमूटपणे रांगेत उभे राहावे, असेच बहुधा घडत असणार. त्यापुढे मुंबईच्या पदवीचा दाखला विद्यापीठाच्या दफ्तरात रुजू करणे, फी भरणे आणि विषयांची नोंदवही मिळवणे हे सोपस्कार होत.

खरा प्रसंग भाषेचा होता. घरून निघण्यापूर्वी व्याकरणाचे पुस्तक पाठ केलेल्या विद्यार्थ्यास पहिल्याच दिवशी उमगे की, आपण शिकलो ती भाषा आणि दुकानदाराच्या तोंडची भाषा यांत मोठे अंतर आहे. वृत्तपत्रे, दुकानांवरच्या पाट्या आणि बहुतेक ललित ग्रंथ फ्राक्टूर नावाच्या कोनेदार गॉथिक टंकात छापलेले असत, ज्यात लांब एस आणि एफ ही अक्षरे सहज एकमेकांसारखी भासत. हस्ताक्षराची जुनी वळणे त्याहून दुर्बोध होती, कारण त्यांतील ई हे अक्षर एन सारखे दिसे, आणि यू ओळखावयाचा तो केवळ डोक्यावरच्या बाकदार रेघेवरून. आपल्या दफ्तरखान्यांतील मोडी वाचलेल्याला या संकटाचे स्वरूप अधिक सांगावयास नको. १९४१ साली सरकारी हुकुमाने हा टंक आणि ही लिपी दोन्ही बाजूस सारली गेली. तोपर्यंत आलेल्या प्रत्येक परदेशस्थास पहिले काही आठवडे अक्षरओळखीतच घालवावे लागत.

व्याकरणाने मात्र संस्कृतज्ञ विद्यार्थ्याची पाठराखण केली. तीन लिंगे त्याच्या मातृभाषेत होती, विभक्तींची त्याला भीती नव्हती, लांबलचक समास सोडवणे तर त्याच्या हातचा मळ होता; आणि धातूपासून सुटून वाक्याच्या शेवटी जाऊन बसणारा उपसर्ग पाहून इंग्रज सहाध्यायी गोंधळला, तरी वेदातील ऋचांत उपसर्ग धातूपासून दूर उभा राहिलेला ज्याने पाहिला होता, त्याला त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. त्याची अडचण कानाची होती. पाठ केलेले रूप आठवून तोंडात येईपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असे, आणि ही उणीव कोणत्याही सूत्राने भरून येत नसून घरमालकिणीशी कोळसा, पाव व भाडे यांविषयी रोज बोलावे लागे तेव्हाच भरून येई.

विद्यापीठाची रीत तर मुंबईहून सर्वथा निराळी होती. वार्षिक परीक्षा नाही, नेमलेली पाठ्यपुस्तके नाहीत. व्याख्यान जाहीर वेळेनंतर पाव तासाने सुरू होई, प्राध्यापक आत आले की विद्यार्थी तेथल्या रीतीने त्यांचे स्वागत करीत, आणि नोंदवहीत त्यांची सही घेतली की पुढे कोण येतो, कोण येत नाही, याची चौकशी फारशी होत नसे. परीक्षेच्या धाकाखाली वाढलेल्या विद्यार्थ्याला हे स्वातंत्र्य आरंभी ओझ्यासारखे वाटले, तर त्यात आश्चर्य नाही. त्याची कसोटी सेमिनारमध्ये लागे, जेथे एकेका ओळीवर तासभर ऊहापोह चाले, पाठभेदांची तुलना होई, आणि नवख्यालाही आपले मत सप्रमाण, तेही जर्मनमध्ये, मांडावे लागे.

ही शिस्त कोठवर पोहोचली, हे सुकथनकरांच्या पुढील कार्यावरून दिसते. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा एक नमुना ल्यूडर्स यांनी १९०८ साली छापला होता. परंतु युरोपीय विद्वत्संस्थांचा तो संकल्प महायुद्धात बारगळला. १९२५ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात या कामाची सूत्रे सुकथनकरांनी हाती घेतली आणि १९३३ साली आदिपर्व पूर्ण केले. ते करताना जर्मन पद्धतीचा कित्ता त्यांनी जसाच्या तसा गिरवला नाही, कारण ज्या ग्रंथाच्या पोथ्या शतकानुशतके एकमेकींत मिसळत आल्या, त्यास ग्रीक ग्रंथांसाठी घडवलेला नियम सरसकट लागू पडत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. १९२८ च्या अखेरीस, तेविशीच्या इरावती कर्वे बर्लिनला मानववंशशास्त्र शिकावयास गेल्या. सासरे महर्षी कर्वे यांना हे जाणे रुचले नव्हते. पती दिनकरराव स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले असल्याने त्यांचा पाठिंबा होता, आणि खर्चासाठी जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेतले होते. मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या मताचे पुरस्कर्ते. कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध दिसावा, अशी त्यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष प्रबंधात नमूद केला. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

इंग्रजी भाषा आपल्या विद्यार्थ्यांकडे राज्यकर्त्यांची भाषा म्हणून, बालवयात आणि परीक्षेच्या धाकासह आली. जर्मन त्यांनी प्रौढपणी, कोणाचाही हुकूम नसताना, स्वतःच्या कामासाठी आत्मसात केली. त्यामुळे त्या भाषेतील ग्रंथांपुढे आणि गुरूंपुढे मान तुकवण्याचे दडपण त्यांच्यावर कमी होते. ज्यांची पद्धत शिकली त्यांच्याशीच, त्यांच्याच साधनांनी मतभेद नोंदवण्याची तयारी सुकथनकर आणि इरावतीबाई या दोघांनीही दाखवली, आणि पहिल्या सत्रातील अडखळत्या कष्टांचे मोल या फळावरून ठरवणे न्याय्य होईल.