जर्सी बेटावरील ‘रॉयल’ बटाटा

जर्सी हे नाव महाराष्ट्रातील शेतकऱ्यास गाईमुळे परिचित आहे. इंग्लिश खाडीतील ज्या बेटावरून ते आले, त्या बेटाच्या शेतीस गाईच्या जोडीने बटाट्यानेही मोठा आधार दिला, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी ज्ञात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत तेथील शेतकऱ्याची भिस्त मुख्यतः सफरचंदांवर व त्यांपासून होणाऱ्या सायडर नामक मद्यावर होती. पुढे त्याची मागणी ओसरली आणि बागांच्या जागी बटाटा आला.

१८८० च्या सुमारास ह्यू द ला हे ह्या शेतकऱ्याने अनेक डोळ्यांचा एक असाधारण मोठा बटाटा मित्रांस दाखविला व त्याच्या फोडी करून लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. एका रोपास गोल न येता मूत्रपिंडाच्या आकाराचे कंद आले. कथेचा तपशील कसाही असो, ह्या वाणाचा खरा गुण लवकर तयार होणे हा होय. दक्षिणाभिमुख तीव्र उतारांवर, ज्यांस तेथे ‘कोतिल’ म्हणतात, हाताने लागवड करावयाची. आधी बियाण्यास मोड आणावयाचे. खतासाठी किनाऱ्यावरील समुद्रशेवाळ घालावयाचे. अशा रीतीने इंग्लंडमधील पीक निघण्यापूर्वीच जर्सीचा माल आगबोटींनी तेथे पोहोचे. १८९१ साली ६६ हजार टनांहून अधिक बटाटा निर्यात झाला. सुमारे ११८ चौरस किलोमीटरांच्या बेटास हा आकडा थोडा नव्हे.

हा नफा थोड्या आठवड्यांचा होता. इंग्लंडचा बटाटा बाजारात उतरला की भाव कोसळे. म्हणून काढणीची घाई असे, आणि त्या घाईसाठी ब्रिटनीहून, नंतरच्या काळात मदीरा व पोलंडहून, मजूर येत. बेटाच्या कीर्तीत ह्या मजुरांचा उल्लेख क्वचितच होतो, हे खेदकारक आहे. १९४० ते १९४५ ह्या जर्मन अंमलात इंग्लंडची बाजारपेठ बंद झाली, तेव्हा एकाच गिऱ्हाइकावर विसंबण्यातील धोका उघड झाला.

१९९६ साली युरोपीय संघाने ‘जर्सी रॉयल’ ह्या नावास उत्पत्तिस्थानदर्शक संरक्षण दिले. येथे एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. वनस्पतीच्या दृष्टीने हा वाण ‘इंटरनॅशनल किडनी’ होय व तो अन्यत्रही पिकतो. परंतु बेटाबाहेर पिकलेल्या कंदास ‘जर्सी रॉयल’ म्हणून विकता येत नाही.