अडीचशे रुपये अनामत

वाचकहो, क्षणभर अशी कल्पना करा की तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या गावचे रहिवासी आहात आणि विधानसभेच्या निवडणुकीला उभे राहण्याचे तुमच्या मनात आले आहे. मोठ्या पक्षाने तिकीट दिलेले नाही, किंवा तुम्ही ते मागितलेच नाही. तुमचा पक्ष लहान आहे. तालुक्याच्या गावी त्याची एक खोली, एक बाकडे आणि एक फलक. गावच्या पारावर गेलात तर चार म्हातारी माणसे तुमचे सगळे बोलणे नीट ऐकून घेतील, चहा पाजतील आणि शेवटी म्हणतील, "बापू, तुमचं समदं खरं हाय, पन मत वाया जाईन ना!"

या एका वाक्याशी ज्यांना झुंजावे लागले, त्या माणसांची ही हकीकत आहे. विजयी पक्षांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. पडलेल्यांचा आणि क्वचित निवडून आलेल्या एकट्यादुकट्यांचा इतिहास लिहायला कोणाला फुरसत होत नाही.

माझे एक चुलत आजोबा १९५७ मध्ये असेच उभे राहिले होते. पक्षाचे नाव सांगत नाही, कारण तो पक्ष आज शिल्लक नाही आणि आजोबांनाही पुढे त्याचे नाव काढलेले आवडत नसे. त्या वेळी विधानसभेच्या उमेदवाराला अडीचशे रुपये अनामत भरावी लागे. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला त्याच्या निम्मी, म्हणजे सव्वाशे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याने हे ठरवून दिले होते. झालेल्या मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत तर ही रक्कम सरकारजमा. आज अडीचशे रुपये म्हणजे काहीच नाही. तेव्हा प्राथमिक शाळेतल्या मास्तराचा तो काही महिन्यांचा पगार होता. आजोबांनी ते कापसाच्या चुकाऱ्यातून काढले, आणि घरात त्यावरून जे बोलणे झाले ते पुढे तीस-पस्तीस वर्षे अधूनमधून चालूच राहिले.

पण त्याआधीचे थोडे सांगितले पाहिजे.

वऱ्हाडात निवडणूक ही गोष्ट आली तीच मोठ्या विचित्र वेषात. वऱ्हाड हा निजामाचा मुलूख, इंग्रजांनी १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्याने घेतलेला. कारभार मध्यप्रांताबरोबर चाले, पण कायद्याच्या भाषेत तो ब्रिटिश मुलूख नव्हे. त्यामुळे माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर गंमत अशी झाली की, वऱ्हाडचा मतदार मत देई, उमेदवार रीतसर निवडून येई, आणि मग सरकार त्याच माणसाला 'नियुक्त' करी. लोकांनी निवडलेला माणूस कागदावर सरकारी नेमणुकीचा! वणीला १८८० मध्ये जन्मलेले आणि यवतमाळात वकिली केलेले माधव श्रीहरी अणे, म्हणजे आपले लोकनायक बापूजी अणे, १९२४ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात वऱ्हाडचे प्रतिनिधी म्हणून बसले ते याच रीतीने.

बापूजींना सगळे जण काँग्रेसचे म्हणून ओळखतात, आणि ते बरोबरच आहे. १० जुलै १९३० रोजी पुसदला जंगल सत्याग्रह करून ते तुरुंगात गेले. १९३३ मध्ये काँग्रेसचे प्रभारी अध्यक्षही झाले. परंतु त्यांच्या आयुष्याकडे नीट पाहिले, तर मोठ्या पक्षाच्या घरातून बाहेर पडून लहान पक्षाच्या ओसरीवर येऊन बसण्याची त्यांची खोड दिसते. १९२३ च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाने मध्यप्रांताचे कायदेमंडळ जिंकले आणि मंत्र्यांचे वेतन वर्षाला दोन रुपये करून द्विदल राज्यपद्धती बंद पाडली. पुढे काय? नुसता अडवणुकीचा खेळ किती दिवस खेळायचा, असा प्रश्न निघाला. १९२५ मध्ये अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातली जागा स्वीकारली, पक्ष फुटला, आणि केळकर, जयकर, मुंजे यांच्याबरोबर अणे प्रतियोगी सहकार पक्षात गेले. नाव उच्चारायला जड, आणि मतदाराला समजवायला त्याहून जड.

दुसऱ्यांदा ते बाहेर पडले १९३४ मध्ये. जातीय निवाड्याचा स्वीकारही नाही आणि धिक्कारही नाही, अशी भूमिका काँग्रेसने घेतली. पंडित मालवीय आणि अणे यांना ती पटली नाही. त्यांनी काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष काढला. या पक्षाला जे यश मिळाले ते मुख्यतः बंगालमध्ये. वऱ्हाडातून स्वतः अणे निवडून आले. त्यांची त्या प्रश्नावरची भूमिका मला सगळी पटते असे नाही. पण कार्यकारिणीतली जागा सोडून, पासष्ट ठिकाणी पडू अशी खात्री असताना पक्ष काढायला जी छाती लागते, ती त्यांच्यापाशी होती.

१९३७ ची प्रांतिक निवडणूक ही पहिली मोठी निवडणूक. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेत ११२ जागा, त्यांपैकी २० पुणे करारान्वये अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गासाठी राखीव. मत मात्र सर्वांना नव्हते. शेतसारा भरणारा, घरपट्टीचा धनी, काही इयत्ता शिकलेला, असा तो मतदार. कोलामाच्या पोडावर, बंजाऱ्यांच्या तांड्यावर मताचा कागद अजून पोचायचा होता. तो पोचला १९५२ मध्ये, स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत.

आता एक गोष्ट ऐका, जी शिकवताना दरवर्षी माझे विद्यार्थी माझ्याकडे संशयाने पाहतात. यवतमाळच्या मतदाराने १९५२ मध्ये मध्यप्रदेशच्या विधानसभेसाठी मत दिले. तिच्या २३२ जागांपैकी १९४ काँग्रेसकडे गेल्या. १९५७ मध्ये त्याच मतदाराने मुंबई राज्याच्या विधानसभेसाठी मत दिले. ३९६ पैकी २३४ काँग्रेसला. आणि १९६२ मध्ये महाराष्ट्रासाठी. २६४ पैकी २१५ काँग्रेसला. घर तेच, वावर तेच, विहीर तीच. तीन निवडणुका आणि तीन राज्ये! फाजलअली आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भ राज्याची शिफारस केली होती, ती बाजूला राहिली. पश्चिम महाराष्ट्रात १९५७ मध्ये लहान लहान पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीच्या एका मांडवात आले आणि काँग्रेसची त्रेधा उडवली. विदर्भात त्या मांडवाला सावली नव्हती. तिकडचा लहान पक्षाचा उमेदवार वाऱ्यावर स्वार होता; इकडचा वाऱ्याच्या उलट चालत होता. माझे चुलत आजोबा त्या दुसऱ्या जातीचे.

त्या काळची मतदानाची रीत तरुण वाचकांना ठाऊक नसेल. १९५२ आणि १९५७ मध्ये मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले. आडोशाला जाऊन हव्या त्या पेटीत कागद टाकायचा. निरक्षर मतदारासाठी ही सोय उत्तमच होती. पण लहान उमेदवाराची केवढी परीक्षा! मोजणीच्या वेळी काँग्रेसच्या पेट्या ठासून भरलेल्या निघत आणि याची पेटी उघडली की आतला पत्रा दिसे. १९६२ पासून सर्वसाधारणपणे एकाच मतपत्रिकेवर खूण करण्याची पद्धत आली आणि पडणाऱ्याची निदान तेवढी अब्रू झाकली गेली.

१९६२ हे साल आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने विशेष आहे. पुसदचे वसंतराव नाईक काँग्रेसचे मातब्बर मंत्री होते. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९६३ मध्ये, ते मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी १९७५ पर्यंत राहिले. जिल्ह्यात एवढे मोठे झाड उभे असताना त्याच्या सावलीबाहेर दोन माणसे निवडून आली. एक्क्याऐंशी वर्षांचे बापूजी अणे विदर्भाच्या प्रश्नावर, काँग्रेसबाहेर राहून, नागपुरातून लोकसभेवर गेले. आणि खुद्द यवतमाळातून विधानसभेवर गेले एक भरदार दाढीचे तरुण, जांबुवंतराव धोटे.

धोट्यांचा पक्ष फॉरवर्ड ब्लॉक. सुभाषबाबूंनी १९३९ मध्ये काँग्रेसचे अध्यक्षपद सोडल्यावर काढलेला. त्याचे अधिवेशन जून १९४० मध्ये नागपूरला भरले होते, म्हणजे विदर्भाला नाव अगदीच परके नव्हे. पण बंगालबाहेर या पक्षाची मुळे खोल कुठेच गेली नाहीत. यवतमाळच्या शेतकऱ्याने सुभाषबाबूंचा कार्यक्रम वाचून मत दिले, असे कोणी म्हणत असेल तर त्याने यवतमाळ पाहिलेले नाही. मत मिळाले ते माणसाला, आणि माणसाच्या तोंडी असलेल्या एका प्रश्नाला: विदर्भाचे काय?

विधानसभेत एकट्या माणसाचा आवाज पोचत नाही. बोलायला मिनिटे मिळतात तीही पक्षाच्या संख्येच्या प्रमाणात. धोट्यांनी यावर जो उपाय केला तो सर्वांना माहीत आहे. १९६४ मध्ये सभागृहात पेपरवेट फेकल्यावरून त्यांचे सदस्यत्वच गेले. पोटनिवडणूक झाली, आणि यवतमाळने त्यांनाच परत पाठवले. नागरिकशास्त्राचा शिक्षक म्हणून मला पेपरवेटचे समर्थन करता येत नाही, आणि करायचेही नाही. पण मतदारांनी त्या पोटनिवडणुकीत जे उत्तर दिले तेही नागरिकशास्त्रच होते, हे वर्गात सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

पुढे कृषी विद्यापीठाचा प्रश्न पेटला. विद्यापीठ राहुरीला की अकोल्याला? १९६७-६८ च्या त्या आंदोलनात विदर्भ रस्त्यावर आला, गोळीबारात माणसे दगावली. आंदोलनाच्या अग्रभागी यवतमाळचे धोटे आणि मुख्यमंत्रिपदी यवतमाळ जिल्ह्याचेच नाईक! शेवटी २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्याला पंजाबराव कृषी विद्यापीठ स्थापन झाले. ते एकट्या धोट्यांनी आणले असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यामागे पुष्कळांचे श्रम होते, आणि सरकारनेही अखेर मान्यता दिलीच. पण "मत वाया जाईन" म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांना दाखवायला ती एक इमारत झाली.

१९७१ मध्ये इंदिराबाईंच्या लाटेत महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ लोकसभा जागा काँग्रेसने घेतल्या. उरलेल्या तिनांतली एक नागपूरची, फॉरवर्ड ब्लॉकच्या जांबुवंतरावांची. विधानसभेत या पक्षाचे १९७२ मध्ये २ आणि १९७८ मध्ये ३ सदस्य निवडून आले. विदर्भातल्या एका माणसाच्या आवाजावर एवढे पीक आले, हे थोडे नव्हे.

मात्र इथेच मला एक तक्रार नोंदवायची आहे. लहान पक्ष जेव्हा एका माणसाच्या खांद्यावर उभा असतो, तेव्हा तो माणूस बाजूला झाला की खाली काय उरते? धोटे इंदिरा काँग्रेसमध्ये गेले, १९८० मध्ये तिच्या तिकिटावर नागपुरातून पुन्हा खासदार झाले, आणि इकडे त्यांच्या जुन्या पक्षाची तालुक्यातली खोली, बाकडे आणि फलक नाहीसे झाले. ज्या पोरांनी सिंहाचे चित्र खडूने भिंतीभिंतीवर काढले, सायकलवर भोंगा बांधून तीस-तीस मैल घसा फोडला, त्यांना कोणी विचारले नाही. मोठ्या पक्षात पडलेल्यालाही एखादे मंडळ, एखादी सोसायटी मिळून जाते. लहान पक्षातल्या कार्यकर्त्याच्या हाती राहतो तो भोंगा. धोट्यांनी २००२ मध्ये पुन्हा विदर्भ जनता काँग्रेस नावाचा लहान पक्ष काढला, पण तोवर ती पोरे आजोबा झाली होती. १८ फेब्रुवारी २०१७ रोजी यवतमाळात धोटे वारले. विदर्भाचे राज्य झाले नव्हते.

अनामतीची रक्कम १९९६ मध्ये पाच हजार झाली आणि पुढे २००९ च्या दुरुस्तीने दहा हजार. एक षष्ठांशाची अट तशीच आहे. हवशेगवशे उमेदवार कमी व्हावेत म्हणून ती वाढवली, असे सांगतात. ज्याच्यापाशी पैसा आहे त्या हवशाला दहा हजारांनी काय अडणार? अडतो तो कापसाच्या चुकाऱ्यातून पैसे काढणारा.

माझ्या चुलत आजोबांची अनामत अर्थातच गेली. त्यांची एकच मागणी होती, गावच्या नाल्यावर रपटा व्हावा. पावसाळ्यात चार-चार दिवस गाड्या अलीकडेच अडकत, बाळंतिणीला खाटेवर घालून न्यावे लागे. निवडून आलेल्या काँग्रेसच्या उमेदवाराने प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात तीच मागणी आपल्या भाषणात घेतली, आणि काही वर्षांनी रपटा झाला. आजोबा तो पाहायला गेले नाहीत. रोज त्याच्यावरून जात मात्र राहिले.

मी कॉलेजात असताना एकदा चुलत आजीला विचारले, "आजी, त्या निवडणुकीत आपल्या गावातून आजोबांना किती मतं पडली होती गं?" आजोबा ओसरीवर पेपर वाचत होते. आजीने तिकडे एकदा पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मले काय ठाव? म्या तं कागद बैलजोडीच्या पेटीत टाकला होता. तेवढंच एक चित्र वयखीचं होतं रे बापू, घरचेच बैल वाटले."