सिस्टर म्हणजे हुद्दा

मंडळी, ज्या जिल्ह्यात सैनिक टाकळी नावाचं गाव आहे, त्या आमच्या कोल्हापुरात फौजेच्या गोष्टींना तोटा नाही. पहिल्या महायुद्धातलं मेसोपोटेमिया म्हटलं की मराठा पलटणी आठवतात, एप्रिल 1916 मध्ये पडलेलं कूत आठवतं. पण तिथले जखमी आणि आजारी जहाजांनी मुंबईला यायचे, त्यांचं पुढे कोण करायचं? हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही.

उत्तराचा एक धागा पुण्याजवळ खडकीच्या युद्धस्मारकात आहे. तिथे कोरलेल्या अठराशेहून जास्त नावांत एक नाव आहे एमी वेडा ओग्रेडी, ऑस्ट्रेलियन आर्मी नर्सिंग सर्व्हिस. ऑगस्ट 1916 मध्ये मुंबईत कॉलऱ्याने गेली, दफन शिवडीला. कॅथलीन पॉवर ही दुसरी नर्सही त्याच महिन्यात, त्याच रोगाने गेली. ज्या कबरींची निगा राखणं पुढे शक्य नव्हतं, त्यांतली नावं खडकीच्या भिंतीवर आणली गेली.

आता हुद्द्यांची गंमत. आपण दवाखान्यात सरसकट ‘सिस्टर’ म्हणतो, पण त्या फौजेत स्टाफ नर्सच्या वर सिस्टर आणि तिच्या वर मेट्रन. म्हणजे ओग्रेडीच्या नावामागचं ‘सिस्टर’ ही बढतीची पायरी आहे. भिंतीवरून एवढंच कळतं.

बाकी नोकरी शोधायची तर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. त्या युद्धातल्या फायली स्कॅन करून फुकट ठेवल्यात. शिपायाला नंबर असायचा, नर्सला नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर टेबलला प्रायमरी की नाही! नावावरूनच शोधा, स्पेलिंग बदलून बदलून. फायलीत ‘कॅज्युअल्टी फॉर्म’ सापडला तर नाव वाचून दचकू नका. माणूस धडधाकट असला तरी बदली, बढती, आजारपण, जहाज, सगळं त्यातच तारीखवार लिहायचे. चक्क लॉग फाइल. भारतात आलेल्या अशा पाचशेहून जास्त ऑस्ट्रेलियन नर्सेसची नोकरी याच कागदांतून जुळवता येते.

युद्धानंतर मृतांच्या घरी ब्रिटिश सरकारने कांस्याची तबकडी पाठवली. तिच्यावर इंग्रजीत ‘तो मेला, स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी’ असा मजकूर. अशा तेरा लाखांच्या आसपास. बायकांसाठी साच्यातलं एक अक्षर वाढवून ‘ही’चं ‘शी’ केलं. त्या निघाल्या सुमारे 600.