ग्लिया : नावापुरता डिंक

ग्रीकमध्ये ‘ग्लिया’ म्हणजे डिंक, सरस. 1856 मध्ये जर्मन वैद्य रुडॉल्फ विर्खोव यांनी चेतापेशींमधल्या भरावाला ‘न्यूरोग्लिया’ म्हटलं. त्यांचा जर्मन शब्द ‘नेर्व्हनकिट’, म्हणजे सुतार काचेच्या कडेला भरतो तशी चेतांची लांबी.

नाव चिकटलं, काम मात्र निराळंच निघालं.

पिकल्या केळ्यावर घोंघावणारी फळमाशी घ्या. तिच्या डोळ्यातल्या प्रकाशपेशी हिस्टामिन सोडून संदेश देतात. शेजारच्या ग्लियापेशी ते उचलतात, ‘एबनी’ प्रथिनाच्या मदतीने त्याला बीटा-अ‍ॅलानिन जोडून निष्प्रभ करतात. पाटी पुसली, पुढचा संदेश लिहायला मोकळी!

‘एबनी’ बिघडलेल्या माशीचं अंग काळपट होतं आणि दृष्टीचे संकेतही बिघडतात. एबनी म्हणजे आबनूस, काळं लाकूड. इथंही नाव पडलं ते रंगावरून, कामावरून नव्हे.