पॅट्रिशिया रोझारियो : ऑपेरा आणि धर्मसंगीतातील गोमंतकीय स्वर

रोझारियो, पॅट्रिशिया : (जन्म १९६०). पाश्चात्त्य अभिजात संगीतातील विख्यात सोप्रानो गायिका. जन्म मुंबईत, गोमंतकीय वंशाच्या कुटुंबात. लंडनच्या गिल्डहॉल संगीत विद्यालयात गायनाचे शिक्षण घेऊन त्या इंग्लंडमध्येच स्थायिक झाल्या. ऑपेरा, ऑरेटोरिओ, चर्चमधील समूहगान आणि समकालीन संगीतकारांच्या नव्या रचना अशा चारही क्षेत्रांत त्यांनी गायन केले. ब्रिटिश शासनाने २००१ मध्ये त्यांना ‘ओबीई’ हा सन्मान दिला. पियानोवादक मार्क ट्रूप हे त्यांचे पती व साथीदार होत.

आवाजाची जात

पाश्चात्त्य गायनात स्त्रीच्या आवाजाच्या तीन मुख्य जाती मानतात. सर्वांत उंच तो सोप्रानो, मधला मेझो-सोप्रानो आणि खालचा कॉन्ट्राल्टो किंवा आल्टो. ही विभागणी केवळ स्वर कुठवर पोहोचतो यावर ठरत नाही. आवाज कोणत्या पट्टीत सहज खुलतो आणि त्याला कसा रंग आहे, हेही पाहिले जाते. मेझो आवाज सोप्रानोपेक्षा गडद असतो. बिझेच्या ‘कार्मेन’मधील नायिका हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. मोझार्टच्या ‘फिगारो’मधील केरुबिनो या पोरसवदा मुलाची भूमिकाही बहुधा मेझो गायिकाच करतात. आपल्याकडे गायिका काळी चार किंवा काळी पाच अशी स्वतःच्या गळ्याला मानवणारी पट्टी निवडते. ऑपेरात मात्र संगीतकाराने पट्टी आधीच लिहून ठेवलेली असते. म्हणून भूमिकेला साजेसा गळा शोधावा लागतो.

गोव्याची पार्श्वभूमी

गोव्यात पाश्चात्त्य संगीत रुजले ते चर्चच्या आधाराने. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत चर्चना जोडून शाळा निघाल्या आणि त्यांत अक्षरओळखीबरोबर स्वरलिपी, गायन व व्हायोलिन शिकवले जाऊ लागले. गावोगावचे ‘मेस्त’ हे या परंपरेचे वाहक. उपवासकाळातील मिरवणुकींसाठी गोमंतकीय रचनाकारांनी लिहिलेले मोतेत ही तिची अस्सल निर्मिती होय. राशोल सेमिनरीने अनेक पिढ्यांना समूहगानाची शिस्त लावली. १९५२ मध्ये आंतोनियु फिगेरेदु यांनी पणजीत संगीत अकादमी स्थापन केली. पुढे कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागात फादर लोर्दिनु बार्रेतु यांनी हे कार्य चालवले. मुंबईत स्थलांतरित झालेल्या गोमंतकीयांनी चर्चमधले गायन आणि घरातले मांडो आपल्याबरोबर नेले.

ऑपेरा व धर्मसंगीत

रोझारियो यांचे नाव प्रामुख्याने जोडले जाते ते ब्रिटिश संगीतकार जॉन टॅव्हनर (१९४४–२०१३) यांच्याशी. टॅव्हनर यांनी १९७७ मध्ये ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारला आणि त्यानंतर त्यांचे संगीत बायझंटाइन उपासनापरंपरेकडे वळले. त्या परंपरेत गायनाखाली एक स्वर अखंड धरून ठेवतात. त्याला ‘इसॉन’ म्हणतात. तंबोऱ्याच्या आधाराने गाणे ऐकलेल्या कानाला हा संकेत अनोळखी वाटत नाही. अशा संगीतात स्वर दीर्घकाळ, न डळमळता टिकवावा लागतो आणि त्यात भाव ओतताना नाटकीपणा टाळावा लागतो. टॅव्हनर यांनी तीसहून अधिक रचना रोझारियो यांचा आवाज मनात ठेवून केल्या.

त्यांतील महत्त्वाची ‘मेरी ऑफ ईजिप्त’ ही ऑपेरा १९९२ मध्ये आल्डबरा महोत्सवात सादर झाली. अलेक्झांड्रियातील वेश्या मेरी यर्देन नदी ओलांडून वाळवंटात विजनवास पत्करते आणि झोसिमा हा साधू तिला भेटतो, अशी ही कथा. नेहमीच्या ऑपेरातील संघर्ष वा वेगवान घटना येथे नाहीत. सारा भार गाणाऱ्यांच्या संयमावर पडतो. मेरीची भूमिका रोझारियो यांनी केली. त्याआधी जॉन कॅस्कन यांच्या ‘गोलेम’ या ऑपेरातील मिरियमही त्यांनीच साकारली होती. आन्ना आख्मातोवा यांच्या रशियन कवितांवरील टॅव्हनर यांची गीतेही त्यांनी गायिली. त्यांना केवळ चेलोची साथ आहे.

२००३ मध्ये लंडनच्या टेम्पल चर्चमध्ये ‘द व्हेल ऑफ द टेम्पल’ ही रचना रात्रभर, सुमारे सात तास गायिली गेली. अनेक धर्मांतील व भाषांतील वचने एकत्र गुंफणाऱ्या या जागरणाची सांगता उपनिषदांतील प्रार्थनेने होते. तीतही रोझारियो एकल गायिका होत्या. एस्टोनियाचे संगीतकार आर्व्हो पेर्ट यांनी बायबलच्या बेचाळिसाव्या स्तोत्राला स्पॅनिशमध्ये स्वर देणारी रचना त्यांच्यासाठीच केली.

मायदेशाशी नाते

आपल्याकडे कॉयर पुष्कळ, चांगले गळेही पुष्कळ. पण एकट्या गळ्याला घडवणारे शिक्षक मोजके. समूहात गाताना आवाज इतरांत मिसळावा लागतो, तर ऑपेरात ध्वनिवर्धकाविना वाद्यवृंदावरून तो शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवावा लागतो. त्यासाठी श्वासाचे नियमन वर्षानुवर्षे साधावे लागते; ते केवळ ऐकून येत नाही. ही उणीव ओळखून रोझारियो आणि ट्रूप यांनी ‘गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया’ हा उपक्रम सुरू केला आणि मुंबई, गोवा व अन्य शहरांत तरुण गायकांची शिबिरे घेतली.

मुंबईचे रॉयल ऑपेरा हाउस १९९३ मध्ये बंद पडले होते. जीर्णोद्धारानंतर २०१६ मध्ये ते पुन्हा उघडले, तेव्हा तेथे रोझारियो यांचे गायन झाले. याच रंगमंचावर एके काळी बालगंधर्व आणि मंगेशीचे मास्टर दीनानाथ यांची संगीत नाटके रंगली होती. दीनानाथांना मराठी रंगभूमीने घरीच मखर दिले. रोझारियो यांना मात्र त्यासाठी लंडन गाठावे लागले. चर्चच्या कॉयरमधून पुढे येणाऱ्या गळ्याला गोव्यातच पुढची पायरी मिळावी, ही गरज त्यांच्या कारकिर्दीने आणि शिबिरांनी ठळकपणे दाखवून दिली आहे.