विहिरीत ढकलणारा जमीनदार

तुरुंगात समुपदेशन करायचे तेव्हा फिलिप पिनेल या फ्रेंच डॉक्टरांची एक नोंद मला सारखी आठवायची. १८०१च्या ग्रंथात त्यांनी आईनं अतोनात लाडावलेल्या एकुलत्या एक मुलाची हकिकत दिली आहे. शांत असताना जमीनजुमला उत्तम सांभाळणारा, पण विरोध झाला की थेट हात उगारणारा. शिवीगाळ करणाऱ्या एका बाईला त्यानं विहिरीत फेकलं आणि त्याची रवानगी बिसेत्र या वेड्यांच्या रुग्णालयात झाली. भ्रम नाही, बुद्धी शाबूत, तरी संताप अनावर! १८३५मध्ये इंग्लंडच्या डॉक्टर प्रिचर्डनी अशा अवस्थेला 'नैतिक वेड' म्हटलं. पुढे अशी मनोविकृती (सायकोपॅथी) मोजण्यासाठी रॉबर्ट हेअर यांची २० मुद्द्यांची, ४० गुणांची तपासणी आली. उपयोगी आहे, पण गुण म्हणजे माणूस नव्हे. कैद्याचा अहवाल लिहिणाऱ्यांनी त्याच्या बालपणाची चौकशी टाळू नये, ही माझी कळकळीची विनंती.