एकेरी मार्ग आणि राखीव यंत्रणा

बुलढाणा जिल्ह्यातील जलंब ते खामगाव हा सुमारे १३ किलोमीटरांचा लोहमार्ग १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खुला झाला. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरास शीघ्र पोहोचावा, हा त्यामागील हेतू होय. कापसाच्या व्यापाराचा अभ्यास करताना या शाखेचे स्मरण होते. परंतु अशा एकेरी मार्गावर सुरक्षिततेचा जो प्रश्न उद्भवतो, तोही इतिहासाच्या अभ्यासकास तितकाच विचारणीय आहे. संगणक-जालाच्या संरक्षणापुढील आजचा पेच त्याच जातीचा आहे.

एकेरी मार्गाच्या दोन टोकांपैकी एका वेळी एकाच टोकाहून गाडी सुटली पाहिजे. १० सप्टेंबर १८७४ रोजी इंग्लंडात नॉर्विचनजीक थॉर्प येथे तारेच्या निरोपातील घोटाळ्यामुळे दोन्हीकडून गाड्या सुटल्या व समोरासमोर आदळून २५ माणसे मृत्युमुखी पडली. तारायंत्र बंद पडले नव्हते, ही यातील खरी मेख. पुढे १८७८ मध्ये एडवर्ड टायर याने दोन्ही स्थानकांतील यंत्रे विजेने अशी जखडली की, एक बिल्ला बाहेर काढल्यावर तो यंत्रात परत जाईपर्यंत कोणत्याही टोकास दुसरा निघू नये. भारतातील एकेरी मार्गांवर याच तत्त्वाचे नीलचे गोळा-टोकन यंत्र दीर्घकाळ वापरात राहिले.

हे यंत्रच बिघडले तर काय करावयाचे? भारतीय रेल्वेच्या नियमांत पर्यायांची उतरंड लावून दिलेली आहे: प्रथम यंत्रास जोडलेला दूरध्वनी, मग स्थानकांचे स्थिर दूरध्वनी, त्यानंतर नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी व शेवटी बिनतारी संच. प्रवासी गाड्यांच्या मार्गावर केवळ बिनतारी संचावर विसंबता येत नाही. सर्वच साधने खुंटल्यास एकेरी मार्गावर प्रथम एकटे इंजिन पुढील स्थानकाशी संपर्क साधावयास जाते. दुहेरी मार्गावर गाड्या ३० मिनिटांच्या अंतराने व ताशी २५ किलोमीटरांच्या मर्यादेत सोडतात.

जालाच्या वेशीवरील फायरवॉल जोडीने बसवितात, त्यातही हाच विचार आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या व्हीआरआरपी या प्रमाणसंहितेनुसार मुख्य यंत्र सामान्यतः दर सेकंदास आपल्या अस्तित्वाची खूण पाठविते; तीन-चार सेकंद ती न आल्यास राखीव यंत्र कारभार हाती घेते. तथापि मौन म्हणजे मृत्यू नव्हे. दोहोंमधील तारच तुटली असेल तर दोन्ही यंत्रे एकाच पत्त्यावर हक्क सांगू लागतात, आणि थॉर्पचा प्रसंग निराळ्या रूपाने उभा राहतो. म्हणून या खुणेसाठी दुसरी, स्वतंत्र वाट ठेवणे इष्ट ठरते. शिवाय खूण नियमित येत असताही यंत्राची बाहेरील जोडणी निखळलेली असू शकते. तीवर वेगळी पाळत ठेवावी लागते. मुख्य यंत्र मुद्दाम बंद करून राखीव यंत्राची परीक्षा अधूनमधून घेणे हे काम कंटाळवाणे खरे, आणि टाळले जाते तेही हेच.

दोन्ही यंत्रे निकामी झाल्यास प्रवाह अडवावा की तपासणीविना सोडावा, हे तर आधीच ठरविलेले असावे लागते. बँक व रुग्णालय यांचा निर्णय येथे एकच असेल असे नाही.